गोजरबाईची जीभ

चैत्र लागला की आमच्या गावातल्या बाया गोजरबाईच्या दारात येऊ लागतात. कोणाच्या कडेवर गंज, म्हणजे उभं पातेलं, कोणाच्या डोक्यावर, आणि गंजात कुरडईसाठी भिजवलेला गहू. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, हे आमच्याकडे परकरातल्या पोरीलाही माहीत असतं. पण तो वाटायचा नेमका केव्हा, ते मात्र कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. घाई केली तर चीक निघत नाही आणि कुरडई कढईत टाकली की तशीच पडून राहते. उशीर झाला तर घरात असा वास सुटतो की पाहुणा ओट्यावरूनच परत जावा.

म्हणून गोजरबाई. ती दोन दाणे उचलते, नखात दाबते, निघालेलं पांढरं दूध बोटावर घेऊन नाकाशी नेते, मग जिभेच्या टोकाला लावते आणि अंगणात थुंकते.

“आज नाई. उद्या दिवस निघाल्यावर वाटजो.”

झालं. तहसीलदाराचा हुकूम एखादा मोडेल, हा मोडत नाही.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे. इथं माझी शहात्तर वर्षं गेली, पण असं नाक दुसरं पाहिलं नाही. माझी बायको होती तेव्हा मी कोणाकडे चहा पिऊन आलो तर तिला बरोबर समजायचं. पण त्या चहात दूध गाईचं होतं की म्हशीचं, हे सांगायला गोजरबाई लागायची! माझ्या नातीच्या साखरपुड्याला तर मंडपात पाय ठेवल्याबरोबर ती आचाऱ्याला म्हणाली, “महाराज, त्या कोपऱ्यातल्या डब्यातलं तेल जुनं आहे.” आचारी नांदुऱ्याचा, मोठा तोऱ्याचा. म्हणाला, “बाई, डबा अजून उघडलाही नाही.” उघडला. मग बिचारा दिवसभर माझ्या नजरेला नजर देईना.

असे किस्से मी कितीही सांगीन. पण आज सांगायचा आहे तो असा हसण्याचा नाही.

गोजरबाईचा नवरा पंजाबराव. मला काका म्हणायचा, म्हणून ती मला मामाजी म्हणते, सासऱ्याला म्हणतात तसं. हंगामात मळणीयंत्रावर काम करायचा, गव्हाचा भुसा अंगावर घेऊन संध्याकाळी यायचा आणि अंग दुखतं म्हणून सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात शिरायचा. माणूस गोड. प्यायला तरी शिवी देत नसे, नुसता भिंतीला टेकून बसून राही. बसून बसूनच पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. पोरगा हर्षल तेव्हा नववीत.

तेराव्यानंतर गोजरबाई घरात बसली नाही. धम्मशीला म्हणून तिची मैत्रीण, बौद्ध वाड्यातली, तिच्याही नवऱ्याची तीच गत चालली होती. दोघी दारोदार फिरल्या, बायांच्या सह्या घेतल्या आणि गावात बाटलीचं मतदान लावलं. बायांनीच मत द्यायचं. कागदावर दोन चित्रं: एक बाटली उभी, एक आडवी. उभीला मत दिलं तर दुकान राहणार, आडवीला दिलं तर जाणार. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं. धम्मशीलेचा नवरा सहा महिने गाव सोडून पळाला आणि परत आला तो सुधारून आला.

तेव्हापासून गोजरबाई इतकी कडक की खोकल्याचं औषधही मेडिकलवाल्याकडून बाटलीवरचं सगळं वाचून घेतल्याशिवाय घेत नाही. “त्यात ते नाई न?” तिला ‘दारू’ हा शब्दही तोंडात नको असतो.

हर्षल शिकला. अन्नप्रक्रियेचा काहीसा कोर्स केला आणि पुण्याला लागला. गोजरबाई सगळ्यांना सांगायची, पोरगा गव्हाच्या कारखान्यात आहे. तो तिला तेवढंच बोलला होता, आणि खोटंही बोलला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातली सकाळ, दहाचा सुमार. हर्षल स्वतःच्या घरी न जाता आधी माझ्याकडे आला. पाठीवर पिशवी, पिशवीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या तीन बाटल्या.

“आबा, दार लावून घ्या जरा.”

“काऊन बे? बॉम्ब आणला का?”

तो हसला नाही. त्यानं बाटल्या काढून खाटेवर ठेवल्या आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. कारखाना बियरचा. मोठ्या कंपनीचा नाही, चार टाक्यांचा छोटा, जिथं थोडी थोडी आणि वेगवेगळ्या चवीची बियर हातानं लक्ष घालून बनवतात. हर्षल तिथं बनवणारा. या खेपेला त्यानं स्वतःच्या डोक्यानं गव्हाची एक काळी, कडक बियर लावली होती. गहू मोड आणून वाळवायचा, त्यातला काही भाजून काळा करायचा, आणि मग दोन महिने टाकीत मुरू द्यायचं. पाचशे लिटर.

“मग चांगलंच आहे की. आईले सांगायची भीती वाटून राह्यली का?”

“ते त आहेच, आबा. पण मले वासच येत नाही.”

मला आधी समजलंच नाही.

“साथीचा ताप आला होता न मले, तेव्हापासून. डॉक्टर म्हणे, येईन हळूहळू. आलाच नाही. तिथं अनस म्हणून एक जण होता, तो पीत नाही, पण नाक पक्कं. तो हुंगून सांगे, मी त्याच्या सांगण्यावर माल करे. कोणाले कळू दिलं नाही. आता अनस गेला दुबईले. नवीन पोरगा आला, तो म्हणते, टाकीले काहीतरी वास येते. सोमवारी मालक चाखणार, अन मंगळवारपासून लोकाईले विकणार.”

“दोस्ताईले पाजून पाह्य.”

“पाजली. फुकटची होती, सगळे म्हणे लय भारी.”

“दुसऱ्या कोण्या जाणकाराले दाखव.”

“दाखवली त त्याच दिवशी समजन का माह्यं नाक गेलं. मंग मले कोण ठेवते? अन बोलायची हिंमत केली तरी आधी मले तर खरं मालूम पाहिजे, आबा. खराब असन त मीच सांगन, सांडून द्या म्हणून. चांगली असन त उगाच काऊन नासवू? मले एकाच माणसाच्या जिभेवर भरोसा आहे.”

कोणाची जीभ, हे त्याला सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, आधी मी पाहतो. यात माझी हौस नव्हती असं म्हणणार नाही. तरुणपणी नांदुऱ्याच्या बाजारात कापसाची गाडी रिकामी केल्यावर एक-दोनदा बियर घेतली होती. ती पिवळी, कडू, पोट फुगवणारी. ही निराळीच. पेल्यात ओतली तर रंग काकवीचा, खिडकीकडे धरली तर कडेला तांबूस. वर फेस असा दाट, जसा धार काढल्यावर चरवीत येतो, फक्त बदामी. घोट घेतला. आधी गोडसर, मग तव्यावर जरा जास्त राहिलेल्या पोळीचा पापुद्रा, मग पिकलेलं केळं, कुठंतरी लवंग. गळ्याखाली उतरली आणि छातीत ऊब पसरली.

“वा रे पठ्ठे!” मी म्हटलं.

“वास कसा आहे, आबा? मागून काही येते का?”

मी आणखी एक घोट घेतला. खरं सांगतो, मला काही येईना. पन्नास वर्षं तंबाखू चघळलेलं तोंड.

“मले त बरी लागली.”

“तुमाले आयुर्वेदिक काढाही बरा लागते,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रडू होतं. म्हणून मी उठलो, टोपी घातली आणि त्याच्यासोबत निघालो.

गोजरबाई अंगणात गव्हाचं पाणी बदलत होती. पोराला पाहून तिचं तोंड उजळलं. मग तिची नजर माझ्यावर गेली, आणि मी न बोलावता या वेळी का आलो म्हणून ती थबकली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मामाजी, काय झालं?”

मी काही बोलायच्या आत हर्षलनं बाटली काढून जात्याच्या पाळीवर ठेवली आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. कारखान्याचं, टाकीचं, कडक बियरचं. तो बोलत होता आणि गोजरबाईचे हात गव्हाच्या पाण्यातच राहिले.

मग ती म्हणाली, “तुह्या बापानं दुकानातून घेतली. तू कारखान्यातच जाऊन बसला.”

“आई, हे तसं नाही—”

“कसं नाई? डोकस्यात जाते का नाई ते? चढते का नाई?”

“चढते.”

“मंग?”

तेव्हा हर्षलनं नाकाचं सांगितलं.

आणि खरा घाव तिथं बसला. दारूचं ऐकताना तिनं दात आवळले होते. हे ऐकल्यावर ती खालीच बसली.

“कवापासून?”

“दोन वर्षं होतीन आता.”

“दोन वर्षं… म्हणजे मागच्या दिवाळीत तू तो चिवडा खाल्ला. त्यातले शेंगदाणे खवट होते. मी ताट उचलाले आली, त तू म्हणे, आणखी दे, मस्त झाला. मले वाटलं, पोरगं पुण्यात राहून शहाणं झालं, मन राखून बोलाले शिकलं.” तिनं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. “अन मी एवढं करू करू पाठवतो. लाडू, सांडगे, ठेचा. तुले सगळं मातीसारखंच?”

“तसं नाही, आई.”

“काऊन नाई सांगितलं मले?”

“तू परेशान झाली असती.”

“आता नाई झाली का?”

मग तिनं स्वतःच हात पुढे केला. “आण इकडं. हुंगतो फक्त.”

हर्षलनं वाटीत घोटभर ओतली. गोजरबाईनं वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. मी गोजरबाईला हजारदा गहू हुंगताना पाहिलं आहे, पण असं दोन्ही हातांनी वाटी धरून कधी नाही. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली. ओळखीचं माणूस भेटावं तसा चेहरा झाला.

“झाला,” ती म्हणाली. “बराबर झाला. काही खराब नाई.”

हर्षलनं एवढा मोठा श्वास सोडला! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं फोन काढून कोणाला तरी कळवायला सुरुवातही केली. तेवढ्यात सहज त्यानं विचारलं, “कसा आहे वास, आई?”

“कसा म्हणजे? तिसऱ्या दिवसाच्या गव्हाचा. वाटाले तयार झाला का येते न, अगदी तसाच.”

फोनवरचं त्याचं बोट थांबलं.

मला काहीच कळेना. त्यानं सांगितलं तेव्हा समजलं. कुरडईच्या गव्हाचा जो वास म्हणजे सगळं जमलं, तोच वास बियरला आला तर सगळं बिघडलं. टाकीत कुठंतरी नको ते शिरलं असेल. गोजरबाईनं खरं तेच सांगितलं होतं. फक्त आयुष्यभर तो वास तिच्या लेखी चांगला होता.

“पण आई, एक आहे,” तो म्हणाला. “कधी कधी बाटली उघडली का असा वास येते अन उडून जाते. मंग काही बिघडलं नसते. तोंडात धरल्यावर मागून नाकात आला, अन राह्यला, तर मात्र माल गेला. ते चाखल्याशिवाय…”

गोजरबाई वाटीकडे पाहत राहिली.

मी आपलं शहाणपण काढलं. “थुंकायचंच तर आहे, गोजर. गव्हाचं दूध थुंकतं तसं.”

“मामाजी, तुमाले सोपं आहे,” ती म्हणाली.

आणि नेमकी त्याच वेळी धम्मशीला फाटकातून आत आली. कमरेवर गंज, गंजात तिचा भिजलेला गहू. तिची नजर जात्यावरच्या बाटलीवर पडली.

“अवं माय! गोजरबाई, तुह्या अंगणात उभी बाटली?”

तिनं थट्टा केली होती. कोणी हसलं नाही, तेव्हा तिनं गंज खाली ठेवला. गोजरबाईनं काही लपवलं नाही. पोराचा धंदा, पोराचं नाक, आता काय करायचं आहे ते, सगळं चार वाक्यांत सांगितलं.

धम्मशीला हर्षलला लहानपणापासून ओळखते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग गोजरबाईकडे.

“हे पाह्य, तू त्याची माय आहे, मी काही म्हणत नाई. पण गावातले माणसं दुकान उघडाचा अर्ज लिहून बसले आहेत, तुले मालूम आहे. उद्या म्हणतीन, तिनंच चाखली, मंग आमाले काऊन अडवता? दोन मैने आपण कोणाकोणाच्या पाया पडलो, आठवते का? तुह्या एका घोटानं ते सगळं जाईन.”

“मी पिऊन नाई राह्यली.”

“लोकाईले फरक समजते का तो?”

गोजरबाईनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “धम्मे, ते पाचशे लिटर मंगळवारी लोकं पेणार. माह्या पोराच्या हातचं. ते बरं का वाईट, हे सांगू शकन असं माणूस इथं मी एकच बसली आहे. नाई पायलं, अन चूप बसली, त ते कोणतं पुण्य? तू इथंच राह्य. माह्या डोळ्यासमोर असू दे तू.”

आणि तिनं, गव्हाचं दूध घेते तसंच, बोट वाटीत बुडवलं. जिभेच्या टोकाला लावलं. थांबली. मान हलवली. “एवढ्यात नाई समजत.” मग वाटी उचलली आणि एक छोटा घोट तोंडात घेतला.

तिनं तो किती वेळ धरला असेल? मला तर दुपार सरल्यासारखी वाटली. धम्मशीला डोळे न मिटता पाहत होती. हर्षलनं मान फिरवली होती. मग गोजरबाई उठून मोरीपाशी गेली, थुंकली, तीनदा चूळ भरली आणि येऊन बसली.

“राहते वास,” ती म्हणाली. “जात नाई. ओल्या पोत्यासारखा मागं बसून राहते. गहू चवथ्या दिवसावर गेला, बाबा. सांडून दे म्हणा.”

“हो,” हर्षल म्हणाला.

इथं थांबली असती तर कदाचित बरं झालं असतं. पण गोजरबाईला जे लागलं ते सांगायची सवय. ती जिभेवरचं काही मागे ठेवत नाही.

“पण त्या वासाच्या आंधी,” ती हळू म्हणाली, “चांगलं लागते, वं धम्मे. गूळ… भाजलेला गहू. केळं. मले वाटे, जहर असन निरं. कडू, जाळत जाणारं. म्हणून मी हर्षलच्या बापाले म्हणे, असं घाण काऊन पेता हो? तो नुसता हासे. अन हे त चांगलं लागते.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “देशी अशीच लागते का, मामाजी?”

मला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हटलं, “ती एवढी गोड नसते.” पण ते अर्धंच उत्तर होतं; पिणाऱ्याला तीही चांगलीच लागते हे मी गिळलं, आणि तिला ते कळलं.

धम्मशीलेनं गंज उचलून कमरेवर घेतला.

“चाखलं ते मी पायलं. तू थुंकलं तेही पायलं. कोणी विचारलं त दोन्ही सांगन,” ती म्हणाली. “पण हे शेवटचं बाहेर बोलू नको, गोजरबाई.”

“कोणी विचारलं त?”

धम्मशीला फाटक ओढून निघून गेली. तिचा गहू पाहायचा राहून गेला.

हर्षलनं अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं राहून मालकाला फोन लावला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं, पुण्याच्या भाषेतलं. “सर, बॅच खराब आहे. हो, खात्री आहे. नाही, मला वास येत नाही सर, दोन वर्षांपासून… अनस सांगायचा… माझ्या आईनं.” मग तो नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, “सोमवारी ये म्हणाले, बोलू.”

बोलणं काय झालं ते त्यानं आम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. माल सांडला, एवढं खरं. त्याला काढलं नाही, पण आता तो धान्य मोजून घ्यायच्या कामावर आहे. टाक्या दुसऱ्याच्या हाती गेल्या. इकडे गावात महिनाभरात व्हायचं तेच झालं. पारावर कोणीतरी म्हणालंच, “गोजरबाईनं त पयला नंबर दिला म्हणते बियरले!” अर्ज पुढं सरकला, पुन्हा मतदान लागेल असं आता ऐकू येतं. धम्मशीला पुन्हा घरोघर फिरते आहे. गोजरबाईही फिरते, पण आता प्रत्येक ओट्यावर तिला विचारतात, कशी लागली, आणि ती प्रत्येक ओट्यावर खरं तेच सांगते. त्यानं मतं वाढतात की घटतात, मला सांगता येत नाही. धम्मशीला तिच्याशी बोलते, पण कामापुरतं.

मला मात्र त्या दिवशीचं जेवण आठवतं. फोन झाल्यावर गोजरबाईनं मलाही थांबवून घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. हर्षल खाली मान घालून जेवत होता आणि ती भाकरी थापता थापता त्याच्या तोंडाकडे पाहत होती, पोरगं पहिल्यांदा घास खातं तेव्हा आई पाहते तशी.

“भाजीत तीळ टाकले मी भाजून,” ती म्हणाली. “समजते का?”

“नाही, आई.”

“मीठ?”

“मीठ समजते.”

“बरं आहे का?”

“जरासं कमी आहे.”

तिनं बोटानं भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. मीही तेच पानात घेतलं होतं. तरी ती उठली, मिठाची वाटी आणली आणि त्याच्या ताटात, जरा जास्तच, वाढली.